शुक्रवारची धाव

अंबाच्या घरी शुक्रवार हा न्हाण्याचा दिवस. सकाळीच आई, वेंकूबाई, तिच्या डोक्यात कोमट तिळाचं तेल जिरवी, शिकेकाईने केस खसाखसा धुई आणि "हलू नको गे" म्हणत त्यांना धूप दाखवी. संध्याकाळी शाळेतून येऊन गरम कापी, म्हणजे कॉफी, घेतली की अंबा रंगवलेल्या दोन काठ्या उचली आणि पुन्हा घराबाहेर पडे. दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, तिचे अप्पा रंगराव कचेरीतून येऊन पाय सोडून बसलेले असत.

"कोलाट्टम काय?" ते विचारीत.

"होय, अप्पा."

"अंधार फार करू नकोस."

"टीचर सोडतील तेव्हा येईन."

रंगराव हसून मान हलवीत. ताशीलदार कचेरीत कारकुनी करणारा तो मऊ स्वभावाचा माणूस. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या वीथीत, आळीत, त्यांच्या चार पिढ्या गेल्या होत्या. घरात जुन्या वळणाचं मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. मुलीने शिकावं, निदान शाळेची शेवटची परीक्षा द्यावी, ही त्यांची हौस. त्यामुळे टीचर हा शब्द त्यांच्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जाई.

अंबा खोटं बोलत नसे, निम्मं खरं बोलत असे. कोलाट्टम व्हायचाच. शाळेच्या मैदानावर मुली फेर धरून टिपऱ्यांसारख्या त्या काठ्या एकमेकींच्या काठ्यांवर वाजवायच्या, गाणी म्हणायच्या. पण अंधारून आलं, राखणदार जेवायला घरी गेला, की भुवनेश्वरी टीचर फाटकाकडे एकदा बघत आणि म्हणत, "चला. पावाडै खोचा."

मग मुली भराभर परकर वर खोचत, दावणीचा, म्हणजे अर्ध्या साडीचा, पदर कमरेला घट्ट गुंडाळत. वाजू नयेत म्हणून बांगड्या काढून रुमालात बांधल्या जात. मैदानाच्या मागे एक लहान दार होतं. ते उघडलं की जुन्या किल्ल्याच्या खंदकाकाठची वाट लागे. एका बाजूला खंदकातलं हिरवं पाणी, दुसऱ्या बाजूला चिंचा. वाटेच्या टोकाला एक दगडी मंडप. टीचर कंदील घेऊन आधी पुढे जात आणि त्या मंडपापाशी उभ्या राहत. मुलींनी तिथवर धावत जायचं, कंदिलाला वळसा घालायचा आणि परत यायचं.

भुवनेश्वरी मद्रासच्या कॉलेजातून व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेल्या. पंचविशीच्या असतील. मनगटावर पुरुषी घड्याळ, गळ्यात शिट्टी, पायांत टाचेच्या चपला. त्या चपलांचा टकटक आवाज वर्गापर्यंत आधी पोचे. आल्या आल्या त्यांनी शाळेच्या मॅनेजरकडे, कृष्णस्वामींकडे, मुलींना धावायला शिकवण्याची परवानगी मागितली होती. कृष्णस्वामींनी साफ नाही म्हटलं. कवायत म्हणजे रांगेत उभं राहून हात वरखाली करणं, मोठ्या झालेल्या मुली उघड्यावर धावल्या तर गाव काय म्हणेल? टीचर परत आल्या त्या दिवशी लालबुंद झाल्या होत्या.

"विचारून झालं," त्या मुलींना म्हणाल्या. "आता विचारायचं नाही. घरी कोलाट्टम सांगा. आणि कधी कुणी विचारलंच, तर माझं नाव घ्या. उत्तर मी देईन. तुम्ही पोरी आहात, जबाबदारी माझी."

अंबाने ते वाक्य मनात जपून ठेवलं. पंधरा वर्षांच्या तिच्या आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं.

काय संध्याकाळी होत्या त्या! पावलांखाली माती थंड होत आलेली, खंदकात बेडकांचा गलका, आणि सात-आठ जणींच्या अनवाणी पायांचा एकच धपधप आवाज. राजमला नेहमी मध्येच हसू फुटे. हसू आलं की तिच्या कुशीत कळ येई, आणि कळ आली की ती आणखी हसे. राजम अंबाची जिवाभावाची मैत्रीण, एकाच वीथीतली, दोन घरं पलीकडची. पहिल्या धावेत ती अंबाच्या हाताला धरूनच धावली होती. नंतर अंबा तिला मागे टाकू लागली, मग सगळ्यांनाच. पुढे काही नाही, नुसता अंधार आणि दूरवरचा तो पिवळा ठिपका. "अंधारात पायांनी बघायचं," टीचर सांगत. आणि खरंच पाय बघत. कुठे मूळ वर आलंय, कुठे चाकोरी खोल आहे, सगळं पायांना पाठ झालं होतं.

धाव संपली की टीचर पितळेचा डबा उघडत. त्यात सुंडल असे, खोबरं आणि मोहरी घातलेले उकडलेले हरभरे. मुली पानांच्या द्रोणांत घेऊन, धापा टाकत, बोटं चाटत खात. एकदा टीचरनी अंबाच्या घामेजलेल्या डोक्यावर हात ठेवला होता.

"तुझ्या पायांत काहीतरी आहे, अंबा. त्रिचीला शाळांच्या शर्यती होतात. तिथे तुला नेणार मी. मग कृष्णस्वामी स्वतः हार घेऊन येतील."

त्या शुक्रवारी अंबाला रात्री जेवण गोड लागलं नाही. पोट आधीच भरलेलं होतं.

हे असं वर्षभर चाललं. आणि मग पोंगलनंतरच्या एका शुक्रवारी अंबा पडली.

सणात उसाच्या गाड्या त्या वाटेने गेल्या होत्या, आणि कुणीतरी गाडीच्या चाकाखाली लावलेला दगड तिथेच टाकून दिला होता. पायांना तो ठाऊक नव्हता. अंबा सगळ्यांच्या पुढे, भर वेगात. पाय दगडावर पडला, वळला, आणि आतून सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. तिची किंकाळी ऐकून टीचर कंदील घेऊन धावत आल्या. घोट्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात वळणापलीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पुरुषांचं बोलणं ऐकू आलं.

टीचरनी कंदील फुंकला.

"राजम, तू हिच्याजवळ थांब. घोड्याची जटका मिळेल ती थांबव आणि हिला घरी ने," त्या कुजबुजल्या. "अंबा, आज काही बोलू नकोस. उद्या मी स्वतः तुझ्या अप्पांना येऊन भेटते. सगळं सांगते." आणि बाकीच्या मुलींना पुढे घालून त्या दारातून आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज अंबाने ऐकला.

गाडीतल्या माणसांनी काडी ओढून बघितलं. अंधारी वाट, खंदक, परकर खोचलेली, केस विस्कटलेली मुलगी. "ही तर कचेरीतल्या रंगरावांची," त्यांतला एक म्हणाला. त्यांनीच जटका थांबवून दोघींना घरी पोचवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याच्या आधी ती बातमी वीथीत घरोघर पोचली.

त्या रात्री हाड बसवणारा वैद्य पाल्याचा लेप आणि बांबूच्या पट्ट्या बांधून गेल्यावर रंगराव लेकीच्या उशाशी बसले.

"खंदकाची वाट आपल्या घराकडे येत नाही, अंबा."

"नाही, अप्पा."

"मग तू तेथे कशाला गेलीस? कोणाबरोबर?"

दाराआड वेंकूबाईने पदर तोंडाशी धरला होता. अंबाच्या ओठांवर नाव आलं होतं. पण टीचर म्हणाल्या होत्या, मी येते. आपण आधीच सांगितलं तर चुगली केल्यासारखं होईल. त्यांच्या तोंडूनच सगळं यावं, म्हणजे अप्पांना पटेल, कदाचित अभिमानही वाटेल.

"उद्या कळेल तुम्हाला, अप्पा. सगळं कळेल."

रंगरावांनी तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. "बरं," म्हणाले.

शनिवारी अंबा पुढच्या खोलीत चटईवर पडून चपलांची टकटक ऐकत राहिली. फुलवाली गेली, पोस्टमन गेला. तिण्णैवर रंगराव अंगरखा घालून बसले होते, पाहुणा येणार असल्यासारखे. दिवे लागले तरी कुणी आलं नाही. रविवारीही ते तसेच बसले. संध्याकाळी त्यांनी आत येऊन विचारलं, "अजून कळायचं आहे काय?" अंबाने भिंतीकडे तोंड केलं. टीचरना बरं नसेल, तिला वाटलं. मॅनेजरनी अडवलं असेल. काहीतरी असेल.

सोमवारी शाळेतून बोलावणं आलं. रंगरावांनी लेकीला जटकेत घातलं आणि शाळेत उचलून आत नेलं. हेडमिस्ट्रेसच्या खोलीत कृष्णस्वामी खुर्चीत बसले होते. खिडकीशी भुवनेश्वरी टीचर उभ्या होत्या, हात पुढे बांधून. त्यांना बघताच अंबाच्या छातीवरचा दगड उतरला. आल्या एकदाच्या.

"काय झालं ते सांगा," कृष्णस्वामी टीचरना म्हणाले.

"कोलाट्टम संपला आणि मी मुलींना घरी पाठवलं," टीचर शांतपणे म्हणाल्या. "त्यानंतर कोण कुठे गेलं, मला कसं ठाऊक असणार?"

अंबाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"टीचर," ती म्हणाली, "आपण धावत होतो. दर शुक्रवारी. तुमच्या हातात कंदील होता."

"धावत?" कृष्णस्वामींनी भुवया चढवल्या.

टीचरनी अंबाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, दया होती. तीच अंबाला नंतर वर्षानुवर्षं दिसत राहिली. "पोर भेदरली आहे, सार. माझं नाव घेतलं की सुटू असं वाटलं असेल. मला तिचा राग नाही."

"मग त्या रात्री का नाही सांगितलंस?" रंगरावांनी विचारलं. तमिळमध्ये नव्हे, घरच्या बोलीत, हळू आवाजात. "मी विचारलं तेव्हा का नाही म्हणितलंस, अंबा?"

ह्याला अंबापाशी उत्तर होतं, पण ते त्या खोलीत कुणालाही खरं वाटलं नसतं.

राजमला आत बोलावलं. तिला गाडीतल्या माणसांनी तिथे बघितलंच होतं. ती दारात उभी राहिली, पावाडैची किनार बोटांत चुरगळत.

"तुम्ही तिथे काय करत होतात?" कृष्णस्वामींनी विचारलं.

"अंबा म्हणाली, चल. म्हणून मी गेले," राजम जमिनीकडे बघत म्हणाली. "कशाला, ते मला ठाऊक नाही."

झालं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. बाकीच्या मुलींनीही विचारल्यावर कोलाट्टमच सांगितला. धावण्याची गोष्ट खोटी ठरली, आणि मग अंधारात सोळा वर्षांची मुलगी त्या वाटेवर कशाला गेली होती, ह्याचं उत्तर गावाने आपापल्या मनाने दिलं. कुणी म्हणालं, कॉलेजातला मुलगा. कुणी म्हणालं, गाडीवान. कुंभकोणमच्या घराशी अंबाच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, ते त्यांनी निरोपही न पाठवता सोडून दिलं. शाळेतून तिचं नाव कमी झालं. परीक्षा राहिली. रंगराव तिला एका शब्दाने टोचून बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी तिण्णैवर बसताना दाराकडे पाठ करून बसू लागले. एकदा तिने धीर करून पुन्हा सगळं सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "टीचर कशाला खोटं बोलतील, बाळ?"

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. पापनाशम स्टेशनातले मालबाबू वेंकटराव, पहिली बायको वारलेले, तिच्याहून बरेच मोठे. माणूस शांत होता. भातशेतांच्या मधोमध असलेल्या त्या स्टेशनाजवळच्या क्वार्टरात अंबाचा संसार सुरू झाला. घोटा भरून आला, पण जरा वाकडा. चालता येई, धावता येत नसे. मूल झालं नाही. दिवस गाड्यांच्या वेळांवर जात.

राजमवर तिने राग धरला नाही. पोरच ती, माझ्यासारखीच घाबरली, असं तिने मनाला समजावलं. राजम लग्नात येऊन तिच्या गळ्यात पडून रडली होती. ती पुढे शिकली, टीचर झाली, त्याच शाळेत लागली. सुट्टीत पापनाशमला येई. दोघी मागच्या अंगणात डाळ निवडत बसत आणि कधी कधी त्या शुक्रवारांबद्दल बोलत. बेडकांबद्दल, सुंडलबद्दल. शेवटच्या शुक्रवाराबद्दल कधीच नाही. त्याआधीच्या संध्याकाळी मात्र अंबाने जिवापाड जपल्या होत्या. त्यांच्यावर कुणाचा डाग नाही, असं तिला वाटे.

त्या शुक्रवारानंतर अकरा वर्षांनी, सहासष्ट साली, शाळेचा मोठा समारंभ ठरला. जुन्या विद्यार्थिनींना बोलावणं होतं.

"ये गे," राजम म्हणाली. "परीक्षा दिली नाहीस म्हणून काय झालं? तू त्या शाळेचीच."

"पाहुणे कोण आहेत?"

"भुवनेश्वरी टीचर. आता मद्रासला शिक्षण खात्यात मोठ्या अधिकारी आहेत."

अंबा आठवडाभर नाही म्हणत राहिली. मग ट्रंकेतलं लग्नातलं पुडवं, रेशमी लुगडं, काढलं, नऊवारी सोडून तिकडच्या बायका नेसतात तसं नेसली, आणि गेली. का गेली, हे तिला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित एक शब्द ऐकायला.

मैदानावर मांडव घातला होता. जुन्या कृष्णस्वामींना दोघांनी धरून आणून पुढच्या खुर्चीत बसवलं. भुवनेश्वरी उठल्या, माइकपुढे आल्या. अंगाने भरल्या होत्या, चष्मा आला होता, कानशिलांवर पांढरे केस. पण आवाज तोच. प्रसंगाचे दोन शब्द बोलून झाले आणि त्या एकदम हसल्या.

"ह्या मैदानाच्या मागे एक लहान दार होतं," त्या म्हणाल्या. "दर शुक्रवारी अंधार पडला की आम्ही ते उघडायचो."

अंबाच्या पायांत ऊब चढली.

टीचर सांगत होत्या आणि सगळं जसंच्या तसं येत होतं. रुमालात बांधलेल्या बांगड्या. बेडकांचा गलका. मुलींच्या धुतलेल्या केसांचा शिकेकाईचा वास. हसता हसता कुशीत कळ येणारी एक मुलगी. पितळेचा डबा. मांडवातल्या बायका हसत होत्या, आणि अंबाही हसत होती, डोळे भरून. कुणीतरी ते मोठ्याने, उजेडात सांगत होतं. किती वर्षं ती एकटीच ते ओझं घेऊन बसली होती!

"गावाने विरोध केला," टीचरचा आवाज चढला. "मला कमिटीपुढे उभं केलं. मी म्हटलं, माझ्या मुली धावणार. नोकरी घ्या, पण त्या धावणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अंबाचं हसू ओठांवर तसंच राहिलं.

"एक मुलगी होती. वाऱ्यासारखी धावायची. एकदा पडली, पाय मोडला. मी तिला ह्या दोन हातांनी उचलून तिच्या घरी नेलं. तिचे वडील मला म्हणाले, टीचर, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही."

अंबाशेजारी बसलेल्या बाईने डोळे पुसले. राजम मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

टीचर विसरल्या असतील, असं अंबा अधूनमधून स्वतःला सांगत आली होती. इतक्या शाळा, इतक्या मुली. पण त्या काही विसरल्या नव्हत्या. शिकेकाईसुद्धा विसरल्या नव्हत्या.

समारंभानंतर हेडमिस्ट्रेसच्या खोलीत कापी दिली जात होती. अंबा सरळ आत गेली.

"टीचर, ओळखलंत?"

भुवनेश्वरींनी चेहऱ्याकडे बघितलं. मग नजर खाली गेली, वाकड्या घोट्यावर थांबली. क्षणभर त्यांचं तोंड कोरं झालं. आणि लगेच दोन्ही हात पुढे आले. "अंबा! अगं, आत्ता तुझंच तर सांगत होते!"

खोलीतली माणसं कौतुकाने वळली. अंबाने ते हात घेतले नाहीत. ती खुर्चीतल्या कृष्णस्वामींपुढे वाकली आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली, "सार, त्या शुक्रवारी कंदील टीचरच्या हातात होता. मी ह्याच खोलीत सांगितलं होतं. तुम्ही मानलं नाही."

"होता की, होता," म्हातारा आनंदाने मान डोलवत म्हणाला. "आत्ताच ऐकलं मी. धीराची बाई! शाळेचं भाग्य!"

सगळे हसले. कुणीतरी अंबाच्या हातात कापीचा पेला दिला. अकरा वर्षं जे एक वाक्य कुणीतरी मान्य करावं म्हणून ती झुरली होती, ते मान्य झालं होतं, आणि त्याचा हार टीचरच्याच गळ्यात पडला होता.

खिडकीपाशी भुवनेश्वरी तिच्याजवळ आल्या. आवाज उतरवून म्हणाल्या, "सभेत थोडं रंगवून बोलावं लागतं. मनाला लावून घेऊ नकोस. अप्पा कसे आहेत?"

"गेले. चार वर्षं झाली."

"अरेरे."

"तुम्ही आज जे बोललात त्यातलं निम्मं त्या दिवशी त्यांच्यापुढे बोलायचं होतं, टीचर. ते दोन दिवस तुमची वाट बघत तिण्णैवर बसले होते."

भुवनेश्वरींनी चष्मा काढला, पुसला. "माझ्या पाठीवर दोन बहिणी होत्या, अंबा. नोकरी गेली असती तर आम्ही रस्त्यावर आलो असतो. तू चांगल्या घरची. मला वाटलं, हिचं लग्न होणारच आहे. झालंही ना? काय एवढं बिघडलं?"

"मग आज तरी गप्प राहायचं होतं."

"का म्हणून?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच खरं काहीतरी आलं. "माझ्या आयुष्यात तेवढ्याच चांगल्या संध्याकाळी होत्या. त्या टाकून देऊ?"

"त्या नाही टाकल्यात," अंबा म्हणाली. "मला टाकलंत."

तिने पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि बाहेर पडली.

राजम मागोमाग धावत आली. दोघी चालत बसस्टँडवर आल्या. पापनाशमची बस उभी होती, ड्रायव्हर यायचा होता.

"मी सगळ्यांना खरं सांगेन," राजम एकाएकी म्हणाली. "उद्याच सांगते हेडमिस्ट्रेसना. त्या रविवारी टीचर घरी येऊन मला जे शिकवून गेल्या, तेसुद्धा."

अंबा थांबली. "रविवारी?"

राजमने जीभ चावली, पण शब्द गेला होता.

"रविवारी त्या आपल्या वीथीत आल्या होत्या?"

"मागच्या दाराने. परसातून. मला म्हणाल्या, अंबाचे अप्पा मऊ आहेत, ते तिला क्षमा करतील. तुझे अप्पा नाही करणार, तुला घरात कोंडतील. काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलं. मी पोर होते, अंबा…"

दोन घरं पलीकडे. भिंतींच्या पलीकडे. अंबा चटईवर पडून चपलांचा आवाज ऐकत होती, रंगराव अंगरखा घालून दारात बसले होते, आणि टीचर परसातल्या केळींमधून चपला हातात घेऊन आल्या असतील आणि तशाच गेल्या असतील.

"आणि तुला ट्रेनिंगला जागा मिळाली ती?"

"टीचरनी शिफारस केली होती," राजम रडत म्हणाली.

"तेव्हा पोर होतीस. मान्य," अंबा म्हणाली. "त्यानंतर माझ्या अंगणात बसून किती वेळा जेवलीस, राजम? तेव्हा पोर नव्हतीस. माझे अप्पा जिवंत होते तोवर एकदा त्यांच्या तिण्णैवर जाऊन एवढं सांगितलं असतंस…"

ती बसमध्ये चढली. राजम खिडकीखाली येऊन म्हणाली, "सुट्टीत येऊ नको काय मी?"

"नको," अंबा म्हणाली. बस सुटली. त्यानंतर राजमची पावलं पापनाशमला लागली नाहीत.

घरी आली तेव्हा वेंकटराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. तिचा चेहरा बघून त्यांनी ते बाजूला ठेवलं. अंबा त्यांच्यासमोर भुईवर बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिने सगळं सांगितलं. कंदील, दगड, कडी, सोमवार, माइक, परसाचं दार.

"लग्नाआधी लोकांनी मला ते खंदकाचं सांगितलं होतं," ते शेवटी म्हणाले.

"मग तुम्ही कधी विचारलं कसं नाही?"

"कशाला विचारायचं? मी म्हणितलं, लहान वय, झालं असेल काही. मी तेव्हाच मनातून माफ केलं होतं तुला."

ते प्रेमाने बोलले होते, हे अंबाला कळत होतं. म्हणूनच तिला ते सोसवेना. दहा वर्षं ती ह्या माणसाच्या घरात, न केलेल्या गोष्टीची माफी खात राहिली होती.

"मला माफ करू नका," ती म्हणाली. तिचा आवाज भिंतीला लागून परत आला. "मी काही केलं नव्हतं. मी धावत होते. नुसती धावत होते!"

वेंकटराव गडबडले. त्यांनी तिच्याकडे, मग तिच्या घोट्याकडे बघितलं, जणू तो आजवर बघितलाच नव्हता. स्टेशनातून मालगाडीची शिट्टी आली, तरी ते उठले नाहीत.

"चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. आणि मग, जरा संकोचत, "जोरात धावायचीस काय गे?"

अंबाने डोळे पुसले. हे तिला आजवर कुणीही विचारलं नव्हतं.

"सगळ्यांच्या पुढे," ती म्हणाली.